कंसातला माणूस

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना, दोन मोठ्या कुंड्या आहेत. त्यांत सारख्या उंचीची, छाटून गोल केलेली, गर्द हिरव्या अरुंद पानांची दोन झाडे उभी आहेत. उन्हाळा असो की पावसाळा, त्यांचा हिरवेपणा ढळत नाही. फुले म्हणावीत अशी फुले नाहीत, सुवास नाही, खावे असे फळ नाही. आमचे माळीमामा कन्नडमध्ये त्यांना नुसते शो-गिडा म्हणतात. म्हणजे शोभेचे झाड. दोन वर्षे मी त्या दोन झाडांमधून फी भरायला गेलो आणि आलो. पण त्यांच्याकडे कधी निरखून पाहिले नाही.

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या श्रमदानात आवारातील झाडांना नावाच्या पाट्या लावण्याचे काम आमच्या गटाकडे आले. माझे अक्षर बरे, म्हणून रंग आणि कुंचला माझ्या हाती आला. वनस्पतिशास्त्र विभागाने दिलेल्या यादीत या झाडाचे नाव होते : पोडोकार्पस मॅक्रोफायलस (थुनबर्ग) स्वीट. पाटी लहान होती. कंसातला मजकूर काही महत्त्वाचा नसावा असे समजून मी तो गाळला आणि पाटी रंगवून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी वनस्पतिशास्त्राच्या सरांनी मला बोलावून घेतले. ते रागावले नाहीत, पण पाटी पुन्हा रंगवावी लागेल एवढे मात्र त्यांनी सांगितले. आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कंसाचा एकच अर्थ ठाऊक. नफा-तोटा पत्रकात आकडा कंसात आला की तो तोटा समजायचा. सरांनी समजावून सांगितले की वनस्पतींच्या नावात कंसाचा अर्थ अगदी वेगळा असतो. ज्याने झाडाला प्रथम शास्त्रीय नाव दिले, त्याचे नाव आधी येते. पुढे दुसऱ्या एखाद्या संशोधकाने ते झाड एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलविले, तर पहिल्याचे नाव पुसत नाहीत. ते कंसात ठेवतात आणि दुसऱ्याचे नाव बाहेर लिहितात.

हे ऐकून मला आमच्या पुस्तपालनाच्या पहिल्याच धड्याची आठवण झाली. चुकीची नोंद खोडायची नसते. दुरुस्तीची नोंद वेगळी करायची असते. मूळ नोंद तशीच राहते, म्हणजे पुढे तपासणाऱ्याला सारा व्यवहार उमगतो. मग हा कंसातला थुनबर्ग कोण? त्याने कोणती नोंद केली होती आणि ती का बदलावी लागली? ग्रंथालयात बसून जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

कार्ल पीटर थुनबर्ग याचा जन्म ११ नोव्हेंबर १७४३ रोजी स्वीडनमधील यॉनशॉपिंग या गावी झाला. अठराव्या वर्षी तो उप्साला येथील विद्यापीठात दाखल झाला. त्या काळी उप्साला म्हणजे वनस्पतिशास्त्राची काशीच होती, कारण तेथे कार्ल लिनिअस शिकवीत असे. प्रत्येक सजीवाला प्रजाती आणि जाती अशा दोन शब्दांचे नाव देण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती रूढ करणारा हाच लिनिअस. साऱ्या सृष्टीची यादी करण्याचा त्याने ध्यास घेतला होता. एवढे मोठे काम एकट्याच्या हातून कसे व्हावे? म्हणून तो आपल्या निवडक शिष्यांना दूरदूरच्या देशांत पाठवी.

ही गुरुसेवा सोपी नव्हती. टेर्नस्ट्रॉम १७४६ मध्ये चीनच्या वाटेवर वारला. हासेलक्विस्ट १७५२ मध्ये स्मर्ना येथे, लॉफलिंग १७५६ मध्ये दक्षिण अमेरिकेत आणि फोर्स्कॉल १७६३ मध्ये येमेनमध्ये मरण पावला. असे एकामागून एक तरुण गेले आणि परत आले नाहीत. आपल्याआधीच्या विद्यार्थ्यांचे काय झाले, हे थुनबर्गला ठाऊक नसणे शक्यच नव्हते. तरीही १७७० साली, वैद्यकाचे पुढील शिक्षण घेण्यासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर, तो स्वीडनबाहेर पडला. त्यावेळी त्याचे वय सव्वीस वर्षांचे होते. घरी परतायला त्याला जवळजवळ नऊ वर्षे लागणार होती.

हॉलंडमध्ये त्याची गाठ बर्मन पितापुत्रांशी पडली. दोघेही वनस्पतिशास्त्रज्ञ आणि लिनिअसचे स्नेही. त्यांच्या ओळखीने आम्सटरडॅमचे काही धनिक थुनबर्गला भेटले. या मंडळींना बागांचा भारी शौक. जपानमधून नवनवीन झाडे आणि झुडपे आपल्या बागेत यावीत अशी त्यांची इच्छा होती. खर्च करायला ते तयार होते. पण जपानमध्ये जाणार कसे?

येथे थोडा इतिहास सांगणे जरूर आहे. ज्या पोर्तुगीजांना आपण गोव्यामुळे ओळखतो, त्यांना जपानने १६३९ साली हाकलून लावले होते. धर्मप्रसार आणि राजकारण या दोहोंची भीती वाटून जपानने युरोपीय लोकांना दारे बंद केली. त्याला अपवाद एकच : डच, म्हणजे आपल्या बखरींतले वलंदेज. वेंगुर्ल्याला ज्यांच्या वखारीचे भग्नावशेष आपण पाहतो, त्याच डच ईस्ट इंडिया कंपनीची एक वखार जपानमध्ये नागासाकी बंदरात होती. तेव्हा जपानमध्ये शिरायचे तर वलंदेज होऊनच शिरले पाहिजे आणि वलंदेज व्हायचे तर त्यांची भाषा अस्खलित आली पाहिजे.

थुनबर्गने तेच केले. डिसेंबर १७७१ मध्ये तो कंपनीच्या जहाजावर वैद्य म्हणून चढला आणि एप्रिल १७७२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप येथील डच वसाहतीत उतरला. तेथे तीन वर्षे राहून डच भाषा आत्मसात करावी आणि मग पुढे निघावे, असा बेत होता. भाषा तर तो शिकलाच. पण तेथील वनस्पतींनी त्याला असे वेड लावले की त्या तीन वर्षांत त्याने देशाच्या अंतर्भागात तीन मोठे प्रवास केले. बैलगाडी, थोडे घोडे, वाळूत आणि डोंगरात आठवडेच्या आठवडे मुक्काम. पहिल्या प्रवासात घनदाट जंगलात एका रानरेड्याने त्यांच्या तुकडीवर हल्ला केला. घोडे मारले गेले. थुनबर्गने झाडावर चढून जीव वाचविला. पुढील दोन प्रवासांत लंडनच्या क्यू उद्यानाचा फ्रान्सिस मॅसन त्याच्या सोबतीला होता. दक्षिण आफ्रिकेच्या वनस्पतिशास्त्राचा जनक ही पदवी पुढे थुनबर्गला मिळाली, ती या तीन वर्षांच्या बळावर.

त्या जंगलांतच आपल्या कुंडीतील झाडाचे आफ्रिकी भाऊबंद उंच वाढतात. तेथील लोक त्यांना पिवळे लाकूड म्हणतात. त्यांचे सोनेरी लाकूड वसाहतीत घराच्या तुळयांना, जमिनीच्या फळ्यांना आणि सामानसुमानाला वापरले जाई. थुनबर्गने त्यांपैकी दोन जातींना पुढे नावे दिली : टॅक्सस लॅटिफोलिया आणि टॅक्सस फाल्काटा. टॅक्सस म्हणजे युरोपातला यू नावाचा सदाहरित वृक्ष. यूचे बी मांसल वाटीत बसलेले असते. या झाडांचेही बी एकेकटे आणि त्याच्या बुडाशी पुष्कळदा मांसल भाग. दोघांनाही देवदार-चीडसारखे लाकडी शंकू नाहीत. तेव्हा त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ही झाडे यूच्या घरात बसविणे स्वाभाविक होते.

मार्च १७७५ मध्ये तो केपहून जावा बेटाकडे निघाला आणि ऑगस्ट १७७५ मध्ये नागासाकीला पोहोचला. नागासाकीत पोहोचला म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. तो पोहोचला देजिमा बेटावर. देजिमा म्हणजे समुद्रात भर घालून तयार केलेले पंख्याच्या आकाराचे कृत्रिम बेट. त्याचे सारे क्षेत्रफळ सुमारे दीड हेक्टर, म्हणजे पावणेचार एकरांच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या शाळेचे मैदानही याहून मोठे असते! शहराशी जोडणारा एकच पूल आणि त्या पुलावर पहारा. परवानगीवाचून बाहेर पाऊल टाकायचे नाही. जहाजे परत गेली की मागे राहणारे युरोपीय अवघे दहा-पंधरा.

तपासणी तर अशी कडक की वाचताना हसू येते. त्याआधी कंपनीचा कप्तान एक भला मोठा, आतून पोकळ असा अंगरखा घालून जहाजावरून बेटावर ये-जा करी आणि त्यातून चोरटा माल उतरवी. कप्तानाची झडती घ्यायची नाही असा रिवाज होता. थुनबर्ग आला त्याच वर्षी हा रिवाज बंद झाला आणि कप्तान साध्या कपड्यांत उतरला. वलंदेजांचे कप्तान लठ्ठच असतात अशी समजूत करून बसलेल्या जपानी लोकांना मोठे नवल वाटले. पूर्वी कोणी विजारीत पोपट लपवून नेत असता झडतीच्या वेळी तो पोपट बोलू लागला, अशीही एक गोष्ट थुनबर्गने आपल्या प्रवासवर्णनात नोंदविली आहे.

पण या माणसाची स्थिती काय झाली असेल याचा विचार करावा. पाच वर्षे धडपडून, दुसऱ्याची भाषा शिकून, अर्धी पृथ्वी ओलांडून तो जपानला आला. समोर डोंगर दिसत आहेत, डोंगरावरची हिरवी झाडी दिसत आहे आणि मध्ये एक पूल आहे, जो ओलांडता येत नाही. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. थुनबर्गने आपली दृष्टी डोंगरावरून काढून गोठ्याकडे वळविली.

देजिमावर गुरे आणि शेळ्या पाळलेल्या असत. त्यांच्यासाठी शहराबाहेरून रोज गवत आणि पालापाचोळा कापून आणला जाई. थुनबर्ग रोज तो चारा जनावरांच्या तोंडी जाण्यापूर्वी उपसून पाही. कोठे एखादी नवी काडी, कोठे फुलाचा तुरा, कोठे वेलीचा तुकडा. चांगला नमुना दिसला की तो बाजूला काढायचा, कागदात दाबायचा, सुकवायचा आणि त्यावर टिपण करायचे. जपानच्या वनस्पतींचा अभ्यास असा वैरणीच्या भाऱ्यातून सुरू झाला. मला या साऱ्या चरित्रात हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. समुद्रप्रवास किंवा रानरेडा हे धाडस खरेच. पण ते करणारे पुष्कळ असतात. मनासारखे काही मिळत नसता जे मिळते आहे त्यातून निवडत बसणे, हे त्याहून अवघड आहे.

त्याच्याजवळ दुसरेही एक भांडवल होते : वैद्यकाचे ज्ञान. वखारीच्या दुभाष्यांपैकी कित्येकांना युरोपीय वैद्यक शिकण्याची उत्कंठा होती. त्यांपैकी योशिओ कोग्यू हा तर दुभाषी असून नावाजलेला वैद्यही होता. उपदंशावर पाऱ्याच्या क्षाराचे विरल द्रावण कसे द्यावे, हे थुनबर्गने त्यांना शिकविले. त्या काळी जगात या रोगावर याहून चांगला उपाय नव्हता. मोबदल्यात दुभाष्यांनी त्याला पाने, फुले, बिया, नाणी, पुस्तके आणून दिली आणि झाडांची देशी नावे सांगितली. १७७६ च्या प्रारंभी त्याला नागासाकीच्या परिसरात वनस्पती गोळा करीत हिंडण्याची परवानगीही मिळाली. पहारेकरी बरोबर असतच. पण आता निदान डोंगर पायाखाली आला.

वर्षातून एकदा वखारीच्या मुख्याने जपानच्या शोगुनला, म्हणजे खऱ्या सत्ताधीशाला, नजराणा देण्यासाठी एदोला जावे असा दंडक होता. एदो म्हणजे आजचे टोकियो. मार्च १७७६ मध्ये ही स्वारी निघाली. बरोबर सुमारे दोनशे माणसे. थुनबर्गला मेण्यातून जावे लागे. वाटेवरची झाडे मेण्याच्या खिडकीतून सरकत जात, हात लावता येत नसे. हाकोनेच्या घाटात मात्र मेण्यातून उतरून पायी चालण्याची सवलत मिळाली आणि तिचा त्याने पुरेपूर फायदा घेतला. एदोत त्याला दोन तरुण वैद्य भेटले : कात्सुरागावा होशू आणि नाकागावा जुनान. शरीरशास्त्रावरील एका युरोपीय ग्रंथाचे जे जपानी भाषांतर १७७४ साली प्रसिद्ध झाले होते, त्या कामात या दोघांचाही वाटा होता. दोघे रोज येत, उशिरापर्यंत बसत, विचारीत, सांगत. थुनबर्ग परत गेल्यानंतरही पत्रांच्या रूपाने हा स्नेह टिकला. परतीच्या वाटेवर ओसाका येथे त्याने कुंड्यांतील काही झाडे हॉलंडसाठी विकत घेतली. आम्सटरडॅमच्या बागवाल्या धनिकांचे ऋण तो विसरला नव्हता.

याच जपानमध्ये त्याला आपल्या कुंडीतले झाड भेटले. तेथे त्याला इनुमाकी म्हणतात. माकी म्हणजे अस्सल झाड. इनु म्हणजे कुत्रा. आपण जसे भेंडीहून वेगळी ती रानभेंडी म्हणतो, तसाच हा कमीपणा दाखविणारा शब्द. परंतु नावातला कमीपणा त्याच्या वाट्याला व्यवहारात आला नाही. हे झाड हळू वाढते, कात्रीला रागावत नाही, सावलीत आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातही तग धरते. त्यामुळे जपानी बागांत त्याला ढगांसारखे आकार देतात आणि घराभोवती त्याचे उंच, दाट कुंपण करतात. कागोशिमाजवळच्या चिरान गावी जुन्या सामुराई घराण्यांच्या वाड्यांभोवती असली कुंपणे आजही पाहायला मिळतात. ओकिनावा बेटांत त्याच्या लाकडाला मान आहे, कारण त्याला वाळवी सहसा लागत नाही. नरझाड वेगळे, मादीझाड वेगळे. मादीझाडाला हिरवे बी येते आणि त्या बियांखालचा देठाचा भाग फुगून लाल-जांभळा होतो. जणू बी आपल्या पायावर उभे आहे! पोडोकार्पस या ग्रीक शब्दांचा अर्थही तोच : पाय असलेले फळ.

हा शब्द मात्र थुनबर्गच्या वेळी प्रजातीचे नाव म्हणून हाताशी नव्हता. त्याने १७८४ साली या झाडाला नाव दिले टॅक्सस मॅक्रोफायला, म्हणजे मोठ्या पानांचा यू. पोडोकार्पस ही स्वतंत्र प्रजाती १८०७ साली छापील रूपात पुढे आली आणि १८१८ साली रॉबर्ट स्वीट या इंग्रज बागकामतज्ज्ञाने हे झाड तिच्यात हलविले. तेव्हापासून थुनबर्ग कंसात गेला.

त्याच कुळातल्या आणखी एका झाडाने तर त्याला पुरते फसविले. जपानमध्ये नागी नावाचा वृक्ष देवळांच्या आवारात पूज्य मानतात. त्याच्या पानांतील शिरा समांतर असल्यामुळे ते पान आडवे फाडू म्हटले तर सहजी फाटत नाही. म्हणून पतिपत्नींचे नाते अतूट राहावे याची ती खूण समजतात. थुनबर्गने या झाडाचे देशी नाव आदराने राखले, पण ते मायरिका या भलत्याच कुळात बसवून मायरिका नागी असे नाव दिले. ही चूक आपल्या दारापर्यंत आली. आयुर्वेदातले कायफळ हे खरोखरच मायरिका प्रजातीचे झाड. भारतातील कित्येक जुन्या ग्रंथांत कायफळाला मायरिका नागी हेच नाव चिकटले आणि पुष्कळ वर्षे टिकले. आज कायफळाला मायरिका एस्क्युलेन्टा म्हणतात आणि जपानचा नागी झाला आहे नागेया नागी. याच नागेया प्रजातीची एक जात आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, केरळ आणि तमिळनाडूच्या डोंगरांत, आपोआप वाढते. देवदार-चीडच्या गटातले, दक्षिण भारतात निसर्गतः वाढणारे ते एकमेव झाड होय.

१७७६ च्या अखेरीस थुनबर्गने जपान सोडले. जावा आणि श्रीलंका येथे काही महिने काढून तो ऑक्टोबर १७७८ मध्ये आम्सटरडॅमला पोहोचला, तेथून लंडनला गेला आणि मार्च १७७९ मध्ये मायदेशी परतला. पण ज्याच्यासाठी हे सारे जमविले, तो लिनिअस १० जानेवारी १७७८ रोजीच हे जग सोडून गेला होता. पेट्या उघडून दाखवाव्यात असा माणूसच उरला नव्हता. नऊ वर्षांच्या प्रवासानंतर शिष्य दारात उभा आहे आणि घर रिकामे आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे.

पुढची हकीकत वाणिज्याच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावी अशी आहे. लिनिअसच्या जागी त्याचा मुलगा प्राध्यापक झाला. पण तोही १७८३ साली अकाली वारला. घरात विधवा आई आणि मुली. लिनिअसने जन्मभर जमविलेला वनस्पतींचा, कीटकांचा, ग्रंथांचा सारा संग्रह १७८४ साली जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रजाला सुमारे एक हजार गिनींना विकला गेला आणि जहाजात बसून लंडनला गेला. तो आजही तेथेच आहे. त्या कुटुंबाला दोष देता येणार नाही. मुलींची जबाबदारी होती, पैशाची गरज होती. पण उप्सालाच्या दृष्टीने ते नुकसान कधीच भरून निघाले नाही.

त्याच १७८४ साली थुनबर्ग गुरूच्या आसनावर बसला आणि पुढच्याच वर्षी, १७८५ मध्ये, त्याने आपला संग्रह विद्यापीठाला देऊन टाकला. विकला नाही, दिला. पुढे वाढत वाढत तो सुमारे २७ हजार नमुन्यांचा झाला आणि आजही उप्सालामध्येच आहे. देजिमाच्या गोठ्यातून उपसलेल्या काड्या तेथे कागदावर चिकटविलेल्या आहेत. ताळेबंदात ही मालमत्ता कोणत्या किमतीने दाखवावी, हे मला अजून कोणी शिकविलेले नाही.

त्याने आणखी एक काम केले. लिनिअसची जुनी बाग सखल, ओलसर जागी होती आणि झाडांना ती मानवत नसे. थुनबर्गने राजा तिसरा गुस्ताव याच्याकडे सतत मागणी लावून धरली. १७८७ साली राजाने आपल्या उप्सालाच्या किल्ल्याची बाग विद्यापीठाला दिली. तेथील वनस्पतिगृहाची इमारत पुरी होऊन तिचे उद्घाटन झाले ते १८०७ साली, लिनिअसच्या जन्मशताब्दीला. वीस वर्षे हा माणूस गुरूच्या स्मारकाच्या मागे होता.

जपानची वनस्पतिसंपदा हा त्याचा ग्रंथ १७८४ साली प्रसिद्ध झाला. पाठोपाठ १७८८ ते १७९३ या काळात प्रवासवर्णनाचे चार खंड आले आणि त्यांची अनेक भाषांत भाषांतरे झाली. त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. वनस्पतींचे नैसर्गिक नात्यानुसार वर्गीकरण करण्याची नवी पद्धत फ्रान्समध्ये पुढे येत होती. थुनबर्ग मात्र थोड्याफार फेरफाराने लिनिअसचीच जुनी चौकट धरून राहिला. त्याची कित्येक नावे पुढे बदलावी लागली. गुरूवरची निष्ठा कधी कधी शिष्याला मागे ठेवते, असेही म्हणता येईल.

८ ऑगस्ट १८२८ रोजी, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन, तो उप्सालाजवळ आपल्या घरी वारला. त्याच्या हयातीतच, १८२६ साली, देजिमावरचा नवा वैद्य सिबोल्ड याने त्याच्या स्मरणार्थ तेथे एक शिला उभारली होती. तिच्यावर त्याच्याआधी, १६९० ते १६९२ मध्ये, तेथे येऊन गेलेल्या केम्फर या जर्मन वैद्याचेही नाव आहे. ज्या बेटावरून बाहेर पडता येत नव्हते, तेथे आज त्याचे नाव कोरलेले आहे. आपल्या बागांत कमानीवर चढणारी, निळ्या घोसांची थुनबर्जिया नावाची वेल पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्या प्रजातीचे नावही त्याचेच.

आता शेवटचा हिशेब. आफ्रिकेतल्या दोन पिवळ्या लाकडांपैकी एकाचे आजचे नाव पोडोकार्पस लॅटिफोलियस. ते दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्रीय झाड आहे. दुसऱ्याचे नाव अ‍ॅफ्रोकार्पस फाल्काटस. तिसरा जपानचा नागी आणि चौथे आपल्या कुंडीतले शो-गिडा. एकाच कुळातील चार झाडे. चारही ठिकाणी थुनबर्गने दिलेले प्रजातीचे नाव चुकले आणि चारही ठिकाणी त्याचे नाव कंसात टिकले. चूक दुरुस्त झाली, पण ज्याने पहिली नोंद केली त्याची सही कोणी पुसली नाही. शास्त्राचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडला.

तरीही मन एका जागी अडते. देजिमावर रोज चारा कापून आणणारे ते गवतकापे कोण होते? केपच्या रानात बैल हाकणारे, पाण्याच्या जागा दाखविणारे तेथील मूळ रहिवासी कोण होते? त्यांच्या विळ्यावाचून आणि त्यांच्या वाटांवाचून थुनबर्गच्या हाती एक पानही आले नसते. त्यांची नावे कंसात नाहीत आणि कंसाबाहेरही नाहीत. फार तर माकी आणि नागी हे त्यांच्या बोलीतले शब्द तेवढे शिल्लक आहेत. प्रत्येक हिशेबात काही रकमा लिहायच्या राहून जातात, त्यांतल्याच या.

मी पाटी पुन्हा रंगविली. या वेळी कंस नीट काढले आणि आतले नाव बाहेरच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिले. खाली थोडी जागा उरली होती. माळीमामांना विचारून तेथे कन्नड लिपीत त्यांचा शब्दही लिहून टाकला. सरांनी पाटी पाहिली आणि ती तशीच राहू दिली.

— बी. कॉम. भाग २, मराठी विभाग